आभासी जग, हजेरीची वही आणि कामगारांची मुले



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावणे धाडले, तेव्हा आम्ही किमान वेतनावर बोलणार असे त्यांनी गृहीतच धरले होते. त्या विषयावर आम्ही वर्षातले तीनशे दिवस बोलत असतो, आणि ज्यांनी ते ऐकावे ते नेमके त्या दिवशी परगावी गेलेले असतात. म्हणून यंदा आम्ही वेगळा विषय मागून घेतला. संगणकात रचलेले आभासी जग आणि संगणकावरून चालणारी शाळा यांची सांगड घातली तर शिक्षणाचे काय होते, असा तो विषय आहे. विषयाचे नाव ऐकून आमचे एक स्नेही म्हणाले, "माग सोडून हे कुठे निघालात?" आम्ही माग सोडलेला नाही, हे थोड्याच वेळात आपल्या ध्यानात येईल.

अधिकाराचे म्हणाल तर तो फार तुटपुंजा आहे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण रात्रशाळेत, वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या बाकावर तारखेची वाट पाहत झाले. या शेवटच्या विद्यापीठात वाचायला वेळ भरपूर मिळतो. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला, तो ज्यांना शाळा-कॉलेज लाभले नाही त्यांच्याही कानांवर चार गोष्टी पडाव्यात म्हणून, असे आम्ही समजतो. त्या समजुतीच्या जोरावर आज येथे उभे आहोत.

आता मूळ गोष्ट. गेल्या वर्षी दिवाळी आटोपल्यावर एका कंपनीचा प्रतिनिधी आमच्या युनियनच्या कचेरीत आला. वयाने तरुण, बोलायला नम्र, हातात एक पेटी. पेटीत पाणबुड्यांच्या चष्म्यासारखा जाड काळा चष्मा होता आणि दोन्ही हातांत धरायच्या दोन मुठी होत्या. चष्मा डोळ्यांवर चढवला की समोर अख्खा कारखाना उभा राहतो आणि त्यात बिनधोट्याचा नवा माग चालू होतो, असे त्याने सांगितले. कामगारांनी आधी यावर शिकावे आणि मग खऱ्या मागावर जावे, अशी त्याची योजना. मालकांकडे तो जाऊन आला होता; युनियनची हरकत नको, म्हणून आमच्याकडे आला होता.

चष्मा पहिल्यांदा चढवला तो आमच्या एका जुन्या सभासदांनी. टॉवेलच्या मागावर चाळीस वर्षे काढलेला माणूस. त्यांना आपण अण्णा म्हणू. अण्णांनी मान इकडेतिकडे फिरवली आणि एक शब्द न बोलता उजवा हात पुढे करून ताण्याच्या सुतांवरून बोटे फिरवायला गेले. बोटे हवेतच फिरली. "दिसतंय सगळं," अण्णा म्हणाले, "पण सूत काय हाताला लागंना." तेवढ्यात चित्रातले एक सूत तुटले आणि माग थांबला. हातातल्या मुठीने ते जोडायचे होते. अण्णा तीन वेळा चुकले, चौथ्या वेळी जमले. चष्मा उतरवला तेव्हा चेहरा खुलला होता. "पोरांना हे मिळालं तर बोटं वाचतील," हे त्यांचे पहिले वाक्य.

दुसरे वाक्य निघायच्या आत त्या तरुणाने आपला संगणक उघडून आमच्यापुढे केला. अण्णांच्या दहा मिनिटांचा सगळा हिशेब त्यात उतरला होता. चुका किती, सूत तुटल्यापासून हात हलेपर्यंत किती सेकंद गेले, नजर मागावर किती वेळ होती आणि दुसरीकडे किती वेळ. हे सगळे थेट शिक्षणाच्या व्यवस्थेत जाते आणि प्रत्येक कामगाराच्या नावाचे तिथे एक पान असते, असे त्याने मोठ्या अभिमानाने सांगितले. ते पान वाचणार कोण, असे आम्ही विचारले. "व्यवस्थापन." आणि अण्णा? तो तरुण जरा घुटमळला. "तशीही सोय करता येईल," असे म्हणाला.

त्याच्या त्या घुटमळण्यामुळे आम्ही हा विषय वाचायला घेतला.

विषयाचे दोन भाग आहेत, ते आधी वेगळे करून पाहू. आभासी जग म्हणजे संगणकाने उभी केलेली जागा. तीत आपण शिरतो, चालतो, वस्तू उचलतो, मोडतो, आणि आपल्यासारख्याच तिथे शिरलेल्या दुसऱ्या माणसांशी बोलतो. चष्मा लागतोच असे नाही. साध्या पडद्यावरही हे जग दिसते. दुसरा भाग म्हणजे ऑनलाइन शिक्षणाची व्यवस्था. तीत धडे असतात, स्वाध्याय असतो, परीक्षा, गुण, हजेरी, शिक्षकाचा शेरा हे सारे असते. आम्ही तिला सोयीसाठी वही म्हणणार आहोत. नुसते जग असले तर ते सिद्धेश्वराच्या गड्ड्यावरच्या तमाशासारखे होते. पैसे दिले, आत गेलो, थक्क झालो, बाहेर आलो. मागे काही उरले नाही. नुसती वही असली तर ती कोरडी होते. कोरोनाच्या काळात आपल्या घराघरांत आपण ती पाहिली आहे. मूल फोनपुढे बसलेले, हजेरी लागलेली, आणि मूल मनाने गल्लीत.

या दोहोंची सांगड आजची आहे असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात बिंगहॅम्टन येथे लिंक नावाच्या गृहस्थांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. त्यांचा मुलगा एडविन याच कारखान्यात काम करता करता वाढला. त्याला विमान चालवण्याचे वेड लागले. पण विमान शिकणे महाग, आणि चुकले तर शिकणारा आणि विमान दोन्ही जायचे. ऑर्गनला हवा पुरवणारे भाते आणि पंप त्याच्या हातातले होते. ते घेऊन त्याने १९२९ साली एक पेटी तयार केली. विमानाच्या आकाराची, आखूड पंखांची, जमिनीला जखडलेली. पण आतला दांडा हलवला की भात्यांवर डोलणारी, कलणारी, वळणारी. वैमानिकांच्या शाळांनी तिच्याकडे ढुंकून पाहिले नाही. मग तो त्या पेट्या करमणुकीच्या बागांना विकू लागला. म्हणजे आधुनिक जगातील हे मोठे शिक्षणयंत्र आधी जत्रेतच गेले!

१९३४ साली अमेरिकेत विमानाने टपाल नेण्याचे काम लष्कराकडे आले. हिवाळ्याचे दिवस, धुके, रात्र. बाहेर काही दिसत नसताना नुसत्या समोरच्या काट्यांकडे पाहून विमान चालवण्याची सवय त्या तरुण वैमानिकांना नव्हती. थोड्या आठवड्यांत कित्येकजण प्राणास मुकले. तेव्हा लष्कराचे डोळे उघडले आणि त्याने लिंकच्या सहा पेट्या घेतल्या. दुसऱ्या महायुद्धात पाच लाखांहून अधिक वैमानिक या पेटीत बसून शिकले.

आमचे लक्ष वेधले ते पेटीबाहेरच्या टेबलाने. शिकाऊ वैमानिक आत बसला की वरचे झाकण बंद होई. बाहेर शिक्षकाच्या टेबलावर नकाशा पसरलेला असे आणि त्यावर तीन चाकांचे एक लहानसे यंत्र ठेवलेले असे. त्याला ते लोक खेकडा म्हणत. आतला विद्यार्थी जसे विमान वळवील तसा हा खेकडा नकाशावर शाईची रेघ ओढत जाई. विद्यार्थ्याला वाटे आपण सरळ चाललो आहोत. रेघ सांगे की तू केव्हाच डोंगराकडे वळलास. झाकण उघडून तो बाहेर आला की शिक्षक आणि तो त्या एकाच कागदावर वाकून पाहू शकत. पेटी म्हणजे जग, नकाशावरची रेघ म्हणजे वही. रेघ नसती तर ती पेटी जत्रेतच राहिली असती, असे आमचे मत आहे. आणि ती रेघ जर शिक्षकाने खिशात घालून परस्पर वरिष्ठांकडे नेली असती, तर विद्यार्थी काय शिकला असता, हाही प्रश्न आम्हांला पडतो.

आता जवळच्या काळात येऊ. ऑस्ट्रेलियात वस्त्या इतक्या विरळ की शेकडो मैल शाळा नाही. तिथे १९५१ साली रेडिओवरून शाळा भरवण्याची पद्धत सुरू झाली. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात मार्टिन डुगियामास नावाचा मुलगा अशा रेडिओच्या शाळेत शिकला. मोठेपणी त्याने संगणकावरची वही तयार केली. तिचे नाव मूडल. २००२ साली तिची पहिली पक्की आवृत्ती निघाली. ती फुकट आहे. तिची आतली रचना उघडी आहे. कोणत्याही शाळेने ती घ्यावी, आपल्या संगणकावर मांडावी, हवी तशी बदलावी. दूरच्या मुलाला शाळा मिळावी म्हणून धडपडणारा माणूस ती विकत बसला नाही, याचे आम्हांला कौतुक वाटते.

त्याच सुमारास, २००३ साली, अमेरिकेतील लिंडन लॅब या कंपनीने सेकंड लाइफ नावाचे आभासी जग उघडले. त्यात जमिनी, घरे, बाजार, नाटकगृहे, सगळा संसार. पुढे मोठमोठ्या विद्यापीठांनी तिथे आपले वर्ग बांधले. पण तिथे वर्ग भरला तर हजेरी कुठे, स्वाध्याय कुठे द्यायचा, गुण कुठे लिहायचे? २००६ साली जेरेमी केम्प आणि डॅनियल लिव्हिंगस्टोन या दोन अध्यापकांनी, एक अमेरिकेतला आणि एक स्कॉटलंडमधला, या जगाला मूडलची वही जोडण्याचे काम हाती घेतले. त्या जोडणीला स्लूडल म्हणतात.

तिच्यातील एक गंमत सांगतो. आभासी वर्गात एक खुर्ची असे. विद्यार्थ्याची बाहुली खुर्चीवर बसली की प्रश्न येत. उत्तर बरोबर आले की खुर्ची हवेत वर चढे. प्रश्न वहीतून आलेले आणि उत्तरे पुन्हा वहीत जाऊन बसत. लहान मुलांना हे फार आवडेल. पण आम्हांला खरी मोलाची वाटली ती दुसरीच सोय. आभासी जगात जी बोलणी चालत ती वहीच्या गप्पांच्या पानावर उमटत, आणि त्या पानावर कोणी लिहिले तर ते जगातल्यांना वाचता येई. म्हणजे ज्याचा संगणक जुना, ज्याची तार मंद, तो त्या जगात शिरू शकला नाही तरी उंबरठ्यावर बसून वर्गात भाग घेऊ शकत होता. ज्या कोणाला ही खिडकी ठेवण्याची बुद्धी झाली त्याला गरीब विद्यार्थी कधीतरी भेटला असावा.

पुढे काय झाले ते चाळीत राहणाऱ्यांना चटकन समजेल. सेकंड लाइफमधली जमीन कंपनीची. विद्यापीठांनी तीवर वर्ग बांधले, बागा लावल्या, प्रयोगशाळा उभारल्या. पण भाडे दरमहा. शिक्षणसंस्थांना ते निम्म्या दराने मिळे. २०१० च्या ऑक्टोबरात कंपनीने कळवले की जानेवारी २०११ पासून ही सवलत बंद. भाडे एकदम दुप्पट. कित्येक संस्था बिऱ्हाड उचलून निघाल्या. बांधलेले बरेचसे उचलता आले नाही. २०१३ साली कंपनीने सवलत पुन्हा दिली. पण मोडलेले बिऱ्हाड पुन्हा बसायला वेळ लागतो. मूडल मात्र जिथल्या तिथे राहिले, कारण त्याला घरमालक नव्हता.

आता सोलापूरकडे येतो. पाहुण्यांची कथा पुरे झाली.

माढा तालुक्यातील परितेवाडीचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. रणजितसिंह डिसले गुरुजी २००९ साली तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गेले, तेव्हा शाळेची इमारत गोठा आणि कोठार यांच्यामध्ये सापडलेली होती. पुष्कळ मुलांच्या घरची भाषा कन्नड. गुरुजी आधी कन्नड शिकले. मग पुस्तकाच्या पानांवर त्यांनी चौकोनी ठिपक्यांचे कोड छापले. फोन त्यावर धरला की कविता ऐकू येई, चित्रफीत दिसे. २०१७ साली महाराष्ट्र सरकारने सर्व इयत्तांच्या पुस्तकांत असे कोड घालण्याचे ठरवले. ३ डिसेंबर २०२० रोजी गुरुजींना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटली. पण आजच्या विषयाशी जुळते ते त्यांचे आणखी एक काम. दूरदूरच्या देशांतल्या वर्गांना ते संगणकावरून सहलीला नेत, प्रयोग दाखवीत. या सहली आभासीच होत्या. पण त्यांना चष्मा लागला नाही, शिक्षक लागला. आणि त्या शिक्षकाला आधी मुलांच्या घरची भाषा शिकावीशी वाटली होती.

दुसरे उदाहरण आपल्या शहरातले. २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा नीलमनगरातील आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांपुढे प्रश्न पडला. बहुतेक मुलांचे आईबाप कापडाच्या कारखान्यांत कामाला. घरात चांगला फोन नाही, असला तर तो बापाबरोबर कामावर. त्या शिक्षकांनी वस्तीतल्या घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले. मुळाक्षरे, गणिताची सूत्रे, इंग्रजी वाक्ये. मुले अंतर राखून गल्लीतून हिंडत आणि शिकत. आम्ही त्या काळात रेशनच्या कामाने तिकडे जात असू. एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन भिंतीवरचा पाढा म्हणत होती, आणि मधूनच थांबून पुढच्या भिंतीकडे जात होती. घरांच्या भिंतींचीच शाळा झाली होती. पण त्या जगाला वही नव्हती. कोणत्या मुलाने कोणती भिंत वाचली, कोण कुठे अडले, हे कळायला शिक्षकालाच पायपीट करणे भाग होते.

वही देशात तयार आहे. ५ सप्टेंबर २०१७ रोजी केंद्राने दीक्षा नावाची व्यवस्था सुरू केली. आपल्या पुस्तकांतले कोड तिथेच नेतात. तिचा पाया सनबर्ड या उघड्या रचनेवर घातलेला आहे, म्हणजे मूडलसारखाच घरमालक नसलेला. जगेही थोडीफार तयार आहेत. नववी ते बारावीच्या मुलांनी पडद्यावर विज्ञानाचे प्रयोग करावेत म्हणून अमृता विद्यापीठ आणि मुंबईचे सी-डॅक यांनी ऑनलाइन प्रयोगशाळा उभारल्या आहेत. १ फेब्रुवारी २०२२ च्या अर्थसंकल्पात विज्ञान-गणिताच्या ७५० आभासी प्रयोगशाळा आणि हातकौशल्यासाठी ७५ ई-प्रयोगशाळा काढण्याची घोषणा झाली. साडेसातशेला पंचाहत्तर! हाताने काम करणाऱ्याच्या वाट्याला दहावा हिस्सा, हे प्रमाण कोणी मुद्दाम ठेवले असेल असे नाही; सवयीने पडले असावे.

वास्तविक आभासी जगाची खरी गरज कोणाला आहे? ज्याला चूक परवडत नाही त्याला. आमच्या डाव्या भुवईवर ही जी खूण आहे ती सोळाव्या वर्षी मागाचा धोटा उडून बसली. आम्हांला कोणी शिकवले नव्हते. जॉबर शिकवीत नसे, कारण त्याला जे येत होते तेच त्याचे भांडवल. तो चहाला गेला की आम्ही मागाला हात लावून पाहायचे. कापडात डाग पडला, सूत सुटले, की पगारातून पैसे कापले जायचे. म्हणजे आमच्या शिक्षणाची फी आम्ही भरलीच. पावती मात्र कोणी दिली नाही. आज तर धोट्याच्या मागाची जागा रॅपिअर माग घेत आहेत. ते फार महाग, आणि शिकाऊ पोराला मालक त्याला हात लावू देत नाहीत. हात लावल्यावाचून शिकायचे कसे, आणि शिकल्यावाचून हात लावू देणार कोण? या पेचातून तो चष्मा पोराला बाहेर काढू शकतो. त्यात हजारदा सूत तुटू दे, हजारदा जोडू दे. म्हणून युनियनने चष्म्याला विरोध करावा, असे आम्हांला वाटत नाही. काही सहकाऱ्यांना तसे वाटते; ते आमच्यावर रागावलेही आहेत. त्यांचे म्हणणे असे की नवे यंत्र शिकवणारे यंत्र म्हणजे दुप्पट माणसे कमी करणारे यंत्र. त्यांची भीती खोटी नाही. पण यंत्र येणार असेल तर ते चालवायला आलेल्या माणसाने सौदा करावा की न आलेल्याने, एवढेच आम्ही त्यांना विचारतो.

अण्णांचा आक्षेप आम्हांला अधिक जड वाटतो. सूत हाताला लागत नाही. ताणा किती ताणला आहे ते बोट सांगते, सुताला दमट हवा लागली आहे हे बोट सांगते, माग बिघडणार हे कान सांगतात. म्हणून आमचे म्हणणे असे की त्या जगात माग रचायला अण्णांसारखे विणकर बसले पाहिजेत. मागाचा कोणता आवाज बदलला की थांबवायचे, हे त्यांनी सांगावे, आणि त्या बसण्याचा मेहनताना त्यांना मिळावा. सोलापुरी चादरीवरचा मोर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या हुकमाने विणला जातो, हे आपण जाणता. १८०४ च्या सुमारास फ्रान्सच्या झाकारने ही युक्ती पक्की केली आणि पुढे संगणक करणाऱ्यांनी तीच उचलली. तेव्हा या विद्येत आमचे थोडेसे देणे आधीपासून आहे, असे समजायला हरकत नाही. आणि चष्मा लावून झाल्यावर पोराला खऱ्या मागावर, खऱ्या माणसाच्या हाताखाली काही महिने मिळालेच पाहिजेत. ते न देता नुसत्या चष्म्यावर प्रमाणपत्र वाटले, तर ते गड्ड्यावर काढलेल्या फोटोइतकेच कामाचे.

आता वहीविषयी. आमची आई बिड्या वळायची. हजार बिड्या कारखान्यात देऊन आली की घरी येऊन चुलीशेजारच्या भिंतीवर कोळशाने एक रेघ ओढायची. तिला लिहिता येत नव्हते. छाट म्हणून बाजूला काढलेल्या बिड्यांसाठी ती आडवी रेघ ओढी. एका वर्षी बोनसच्या वेळी कारखान्याच्या वहीत तिच्या नावावर बारा दिवस कमी निघाले. ती मोजून सांगू लागली तेव्हा कारकून हसून म्हणाला, "मग भिंत घेऊन या इकडे." ती गप्प घरी आली. त्या दिवाळीला आमच्या घरात काय आले आणि काय नाही, ते सांगत बसत नाही. १९६६ च्या बिडी कामगार कायद्याखाली घरी बिड्या वळणाऱ्या बाईच्या हातात लॉगबुक असायला हवे होते. ते हातात पडायला मोर्चे काढावे लागले. आणि पडले तेव्हा आईचे डोळे गेले होते.

आता चष्म्यातली वही तर रेघा मोजून थांबत नाही. ती नजर मोजते, दचकणे मोजते, थकवा मोजते. शिक्षकाच्या हाती ती पडली तर अण्णांच्या नातवाला नेमके कुठे अडते हे त्याला दिसेल. खेकड्याच्या रेघेने दिसे तसेच. मालकाच्या हाती एकट्याच्या पडली तर कामावर घेताना, काढताना, दर ठरवताना ती पुढे केली जाईल, आणि त्या वेळी अण्णांचा नातू भिंत घेऊन कुठे जाणार? २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. अठरा वर्षांखालील मुलाची माहिती घ्यायची तर आईबापांची पडताळून पाहता येईल अशी संमती हवी, असे त्यात आहे. चांगले आहे. पण संमतीचा मजकूर इंग्रजीत, आणि आई तेलुगू बोलणारी, अंगठा उठवणारी. तर ती संमती कशाला देते आहे हे तिला कोण सांगणार? आमच्या पूर्वभागात एका गल्लीत चार भाषा बोलल्या जातात. परितेवाडीच्या गुरुजींनी आधी कन्नड शिकून घेतली ती उगीच नव्हे.

तेव्हा त्या तरुणाला आम्ही नकार दिलेला नाही. त्याला लिहून कळवले आहे की चष्मा आणा, पण विजापूर रस्त्यावरच्या आपल्या शासकीय आयटीआयसारख्या सार्वजनिक ठिकाणी ठेवा, एका मालकाच्या आवारात नको. वही उघड्या रचनेची असू द्या, म्हणजे उद्या तुमची कंपनी उठून गेली तरी पोरांची पाने जागेवर राहतील. प्रत्येकाचे पान आधी त्याला स्वतःला वाचता आले पाहिजे, त्याच्या भाषेत, आणि त्याची प्रत घरी नेता आली पाहिजे. शिकाऊपणातल्या चुका कामावरच्या नोंदीत जाता कामा नयेत. शिकणे संपले की त्या पुसाव्यात. ज्याला चष्म्याने घेरी येते, आणि पुष्कळांना येते, त्याच्यासाठी साधा पडदा ठेवावा आणि त्याचे गुण त्यापायी कमी होऊ नयेत. पुष्कळ मागितले असे त्याला वाटले असेल. त्याने उत्तर दिले आहे की बाकी सगळे विचारात घेता येईल, चुका पुसण्याचे मात्र अवघड आहे. तो पुढच्या महिन्यात पुन्हा येणार आहे, आणि अण्णांनी त्या दिवशी सुट्टी काढली आहे.

आमच्या अटींचा कागद बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे. मराठीतला आम्ही लिहिला आहे, तेलुगूतला दोन शिक्षिकांनी करून दिला, कन्नडचा अजून व्हायचा आहे. आपल्यात शिक्षक आहेत, वकील आहेत, संगणकाचे जाणकार आहेत. वाचून पाहावा, जिथे चुकले असेल तिथे पेन्सिलीने खूण करावी. पेन्सिल टेबलाला दोरीने बांधली आहे, कारण मागच्या सभेत दोन गेल्या.